भाषणात अलंकार घालायचे कसे (आणि काढून कुठे ठेवायचे)

घरात एखादीचं मराठी बरं आहे असं एकदा सगळ्यांचं ठरलं की मग तिची सुटका नाही. लग्नपत्रिकेतलं लाडक्या भाचरांचं आमंत्रण, सोसायटीच्या गणपतीचं सूत्रसंचालन, कुणाच्या दहाव्याचा मेसेज, सगळं माझ्याकडे येतं. मागच्या वर्षी मामेभावाचा फोन आला, म्हणाला ताई, नाना रिटायर होतायत, डेपोत छोटा कार्यक्रम आहे, घरच्यांतर्फे मी बोलणार आहे, लिहिलंय मी, तू फक्त जरा अलंकारिक करून दे.

नाना म्हणजे माझे मामा. एसटीत ड्रायव्हर, ३४ वर्षं, त्यातली बरीचशी कुंभार्ली घाटात वरखाली करण्यात गेली.

व्हॉट्सअॅपवर ड्राफ्ट आला तो असा: "नाना म्हणजे कर्तृत्वाचा हिमालय, मायेचा सागर आणि अनुभवाचा वटवृक्ष. शून्यातून विश्व निर्माण करत त्यांनी यशाच्या शिखरावर आपली जीवननौका पार केली. त्यांचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल."

आता यात अलंकार कमी आहेत असं कोण म्हणेल? दर चार शब्दांना एक आहे. पण शिखरावर नौका कशी पार करतात हे मी त्याला विचारलं तर तो म्हणाला अगं ताई, असं म्हणतात. तिथेच तर सगळी गोची आहे. असं म्हणतात म्हणून घातलेला अलंकार भाड्याने आणलेल्या शेरवानीसारखा असतो, फोटोत बरा दिसतो पण खांद्यात बसत नाही. आणि नानांनी हिमालय जन्मात बघितलेला नाही. घाट बघितलाय.

तर त्या दोन दिवसांत मी त्याला फोनवर जे जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण दर मे-जूनमधे कुणीतरी हेच विचारतं.

पहिल्यांदा उपमा, कारण तिथूनच बाकीचा सगळा संसार सुरू होतो. शाळेत चार भाग पाठ केले होते ते आठवा: उपमेय म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचंय ते, उपमान म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते, साधारण धर्म म्हणजे दोघांत सारखं काय आहे ते, आणि सारखा, प्रमाणे, परी, गत हे साम्यवाचक शब्द. "नानांचे तळवे खराट्यासारखे खरखरीत आहेत." चारही भाग हजर, म्हणून पूर्णोपमा. "नानांचे तळवे म्हणजे खराट्यासारखे" एवढंच म्हटलं, खरखरीत गाळलं, तर लुप्तोपमा. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळायचे आणि विषय संपायचा, पण लिहिणाऱ्यासाठी खरी कामाची गोष्ट तिसऱ्या भागात आहे. साधारण धर्म. उपमा लिहून झाली की स्वतःला मोठ्याने विचारा, "कशात सारखा?" खराट्याला एकच उत्तर येतं, खरखरीत. सागराला विचारून बघा. मोठा? खोल? खारट? भरती-ओहोटीवाला? माणसं बुडतात असा? उत्तरं पाच आली म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकही चित्र येत नाही, तो नुसती मान हलवतो आणि बटाटेवडा कधी येतोय ते बघतो.

आणि उपमान उचलायचं कुठून, तर त्या माणसाच्याच घरातून. हे माझं एकच म्हणणं आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ड्रायव्हर असेल तर गिअर, ब्रेक, वायपर, घाट, मुक्कामी गाडी, डिझेलचा वास, हे सगळं आयतं पडलेलं आहे. शिक्षिका असतील तर खडू, हजेरी, तास. भाजीवाल्या मावशी असतील तर तागडी, शिळी मेथी, पावशेरावर टाकलेली कोथिंबीर. हिमालय सोडा हो, तो सगळ्यांनी मिळून वापरून वापरून टेकडी केलाय.

आता इथून पुढची गंमत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार होते, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे वाढत वाढत सोळाव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्र लिहिणाऱ्या अप्पय्य दीक्षितांपर्यंत येताना शंभराच्या वर गेले. पण त्याच अप्पय्य दीक्षितांनी म्हणून ठेवलंय की उपमा ही एकच नटी आहे, तीच वेगवेगळी सोंगं घेऊन काव्याच्या रंगमंचावर नाचते. म्हणजे शंभर पाठ करायची गरज नाही, एक वाक्य घ्या आणि त्याचे कपडे बदलत बसा. मी मामेभावाला करून दाखवलं, विषय घेतला मामीचा आवाज (मामी हे वाचत नाही, वाचलं तर बघून घेऊ).

मामीचा आवाज एसटीच्या हॉर्नसारखा आहे: उपमा. मामी बोलायला लागली की वाटतं जणू दारात गाडीच लागली: उत्प्रेक्षा, इथे "जणू", "वाटे", "भासे" असले शब्द लागतात आणि आपण अजून पूर्ण खात्री दिलेली नसते. मामीचा आवाज म्हणजे एसटीचा हॉर्न: रूपक, आता दोघं एकच झाले. हा आवाज नव्हेच, हॉर्न आहे हा: अपन्हुती, खरी गोष्ट नाकारून टाकली. हॉर्न आहे का मामी आहे कळेना: ससंदेह. मी हॉर्न समजून रस्त्याच्या कडेला सरकले: भ्रांतिमान, इथे शंका नाही, चूकच झाली आणि त्या चुकीवरून कृतीही झाली. हॉर्न ऐकला की मला मामी आठवते: स्मरण. एसटीचा हॉर्न अगदी मामीसारखा आहे: प्रतीप, उपमान आणि उपमेयाची अदलाबदल. हॉर्न परवडला, मामी त्याच्या वरताण: व्यतिरेक. मामीसारखा आवाज मामीचाच: अनन्वय, म्हणजे तुलनेला जगात दुसरं काही उरलंच नाही.

आणि शेवटचं, मामीचं नावच न घेता सकाळी सहाला "उठा रे, हॉर्न वाजला" असं म्हणायचं. उपमेय गिळलं, नुसतं उपमान शिल्लक. ही रूपकातिशयोक्ती, आणि ही फक्त घरातल्यांनाच कळते. हे लक्षात ठेवा कारण याचाच उपयोग फार मोठा झालेला आहे. १७६१ मधे पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती एका सावकाराच्या पत्रातून असं सांगतात: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. दोन मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. पत्र वाटेत कुणी फोडलं असतं तर त्याला व्यापारातला तोटा दिसला असता. पत्रात "सारखे" किंवा "जणू" एकदाही नाही, आणि नाही म्हणूनच आज वाचताना पण पोटात कालवतं.

यावरून एक साधा हिशोब निघतो. ऐकणारे अनोळखी असतील तर उपमा वापरा, "सारखा" शब्द त्यांना हात धरून नेतो. ओळखीचे असतील तर रूपक. आणि अगदी आतल्या गोटातले असतील तरच नुसतं उपमान टाका. डेपोत ड्रायव्हर-कंडक्टर बसलेले असणार होते म्हणून आम्ही एक वाक्य असं घेतलं: "आमच्या घरात नाना म्हणजे हँडब्रेक, चढावर गाडी मागे येऊ दिली नाही." हेच बँकेच्या निरोप समारंभात म्हटलं असतं तर समजावून सांगत बसावं लागलं असतं.

एक मात्र सांभाळा, एका वाक्यात एकच रूपक चालवायचं. हँडब्रेक म्हणालात ना, मग त्याच वाक्यात त्याला सावली देऊ नका, फळं लावू नका. शिखर आणि नौका एकत्र येतात ती इथेच.

आवाजाचे अलंकार, म्हणजे अनुप्रास आणि यमक, यांच्याबद्दल मी थोडी कडक आहे. मामेभावाच्या दुसऱ्या ड्राफ्टमधे "कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, कनवाळू आणि कणखर" असं आलं. मी विचारलं कनवाळू का? तर क साठी. म्हणजे अर्थ अक्षराने निवडला. तसं करायचं नाही. अनुप्रास चांगला कसा असतो ते म्हणींत बघा, "काखेत कळसा गावाला वळसा", यात क आणि ळ दोन्ही खेळतायत, वर कळसा-वळसा यमक आहे, पण एकही शब्द भरतीचा नाही, चार शब्दांत बाई, तिचा विसरभोळेपणा आणि तिची गावभरची पायपीट सगळं आलं. यमकाला एकच जागा अशी आहे जिथे अर्थाची माफी असते, ती म्हणजे उखाणा. "भाजीत भाजी मेथीची" चा बायकोशी काय संबंध आहे? काहीच नाही. पण "प्रीतीची" येणार हे सगळ्या मांडवाला माहीत असतं आणि ते येईपर्यंत जी चुळबुळ होते तीच मजा. भाषणात ती मजा होत नाही, भाषणात यमक आलं की लोकांना वाटतं आता हा कविता म्हणणार, आणि माणसं घाबरतात.

श्लेष मात्र वापराच, मराठीत त्याला चिक्कार माल आहे. एक शब्द दोन अर्थ. नानांसाठी शब्द शोधायला फार लांब जावं लागलं नाही, "वळण". घाटातलं पण वळण आणि पोरांना लावतात ते पण वळण. वाक्य झालं: "नानांनी आयुष्यभर वळणं सांभाळली, घाटातली पण आणि आमची पण." लिहून झाल्यावर मामेभाऊ म्हणाला अजून दोन-तीन टाकू की असे. नाही! भाषणात श्लेष एकच, फार तर दोन, तिसऱ्याला लोक कण्हायला लागतात. आणि शोधण्याची युक्ती म्हणजे त्या माणसाच्या धंद्यातले वीस शब्द कागदावर लिहायचे आणि प्रत्येकाचा घरात काय अर्थ होतो ते बघायचं. फेरी, थांबा, सुट्टे, जागा, वेळ, गिअर, धक्का. धक्का घ्या ना, गाडीला पण देतात आणि घरच्यांना पण.

अतिशयोक्तीचं शिक्षण आपल्याला लहानपणीच झालेलं आहे. दमडीचं तेल आणलं, त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची शेंडी झाली, उरलेलं झाकून ठेवलं, लांडोरीचा पाय लागला, वेशीपर्यंत ओघळ गेला, आणि त्यात उंट वाहून गेला. हे नीट बघा कसं केलंय. उंट पहिल्या ओळीत नाहीये. आधी न्हाणं, शेंडी, म्हणजे घरातल्या रोजच्या गोष्टी, त्यातली पहिली तर जेमतेम पटण्यासारखी, मग "झाकून ठेवलं" हे किती काटकसरीचं, आणि मग एकेक पायरी. थेट "नानांनी लाखो लोकांच्या जीवनात प्रकाश आणला" म्हणालात तर उंट दारातच मेला. थापसुद्धा हप्त्याहप्त्याने द्यावी लागते.

आता आडून बोलायचे प्रकार, हे माझे सगळ्यात लाडके आहेत आणि माझ्या मते मराठी माणसाचा खरा हात इथेच चालतो. सरळ कौतुक करायला आपल्याला लाज वाटते, सरळ बोलून वाईटपणा घ्यायची तयारी नसते, म्हणून भाषेनेच सोय केलेली आहे. दुसऱ्याचं नाव घेऊन भलत्याला लागेल असं बोलणं म्हणजे अन्योक्ती, त्याला आपण लेकी बोले सुने लागे म्हणतो. खरं कारण लपवून दुसरंच सांगणं म्हणजे व्याजोक्ती, "रडत नाहीये, कांदा चिरत होते." नाव न घेता वळसा घालून सांगणं म्हणजे पर्यायोक्ती, जेलमधल्या माणसाला "सरकारी पाहुणचार घेतायत" म्हणतात तशी. आणि व्याजस्तुती, म्हणजे निंदा करतोय असं दाखवून स्तुती किंवा उलट. भर सभेत हिच्याइतकं चालणारं दुसरं काही नाही. आम्ही लिहिलं: "नाना भयंकर आळशी माणूस. ३४ वर्षांत एक अपघात करायचे कष्ट घेतले नाहीत." हे वाचताना "आळशी" नंतर थांबायचं, मनात दोन आकडे मोजायचे, लोकांना जरा अवघडू द्यायचं, मग पुढचं. ते थांबणं लिहिताना कागदावर पण दाखवा, नवीन ओळ करा, नाहीतर घाईत बोलणारा माणूस सगळं एका दमात वाचून टाकतो आणि स्टेजवरचे साहेब निम्मंच ऐकतात.

त्या स्टेजवरून आठवलं. व्याजस्तुती फक्त अशा माणसाची करायची ज्याचा तो दुर्गुण नाहीच हे सगळ्यांना माहीत आहे. खरोखरच आळशी असलेल्याला आळशी म्हणालात तर तिथे अलंकार राहत नाही, मेमो होतो.

आणि मग माझी स्वतःची चूक. शेवट मीच लिहून दिला होता, फार आवडलाही होता मला: "नाना, शेवटचा थांबा आला." बरं वाटतंय ना? मामेभावाने घरी वाचून दाखवलं आणि मामी ताडकन उठली, म्हणाली हे काय अभद्र लिहिलंय, माणूस रिटायर होतोय का कुठे चाललाय! झालं. शब्दाच्या तीन शक्ती सांगतात, अभिधा म्हणजे सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही म्हणून शेजारचा घ्यायचा ("आख्खी गाडी झोपली होती" म्हणजे पॅसेंजर झोपले होते), आणि व्यंजना म्हणजे सरळ अर्थ जागेवर राहून त्याच्या मागून दुसराच ऐकू येतो. व्यंजनेचं जुनं उदाहरण आहे, "सूर्य मावळला" एवढंच वाक्य, गुराख्याला वाटतं गुरं परत न्यायची वेळ झाली, भटजींना वाटतं संध्येची, दुकानदाराला वाटतं माल आवरायची. म्हणजे काय ऐकू येणार हे ऐकणारा कोण आहे त्याच्यावर. मी लिहिताना मला एसटीचा थांबा ऐकू आला, मामीला भलतंच ऐकू आलं, आणि चूक मामीची नव्हती. ज्या भाषेत बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, दुकान बंद करत नाहीत, वाढवतात, नारळ फोडताना सुद्धा वाढवतात, आणि घरातून निघताना जातो म्हणायची चोरी, येतो म्हणायचं, त्या भाषेत मी रिटायर होणाऱ्या माणसाला शेवटचा थांबा म्हणाले. सांगायचं काय तर व्यंजना टाकली की ते वाक्य घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला आधी वाचून दाखवा. तिला जे ऐकू येईल तेच अर्ध्या सभेला ऐकू येणार आहे.

आता काढून ठेवायचं. अकराव्या शतकातल्या मम्मट नावाच्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याची व्याख्या करताना सांगून ठेवलंय की शब्द आणि अर्थ निर्दोष हवेत, गुण हवेत, अलंकार मात्र एखादे वेळी नसला तरी चालतो. मी प्रत्येक भाषणात निदान एक परिच्छेद असा ठेवते की ज्यात काहीच घालायचं नाही, माणूस जसा आहे तसा सांगायचा. गंमत म्हणजे यालाही अलंकारांत नाव आहे, स्वभावोक्ती. दंडी आणि कुंतक हेही तसलेच जुने काव्यशास्त्रकार. दंडीने तर तिला पहिला अलंकार म्हटलंय, उलट कुंतकाचं म्हणणं की वस्तूचा स्वभाव हाच दागिना असेल तर मग दागिना घालायचा कुणाला? दोघांचं भांडण चालू दे, मला दंडी पटतो. कारण स्वभावोक्ती सोपी दिसते पण त्यासाठी माणसाकडे बघितलेलं असावं लागतं. मी मामेभावाला म्हटलं, नाना ड्युटीला निघताना काय करतात ते सांग, विशेषण न लावता. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग सांगत गेला, ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं:

"पहाटे चारला उठतात. लाइट लावत नाहीत, आम्ही उठू म्हणून. अंधारातच शर्टाची बटणं लावतात, त्यामुळे कधीकधी एक घर चुकतं. डबा हातात घेतात, दाराची कडी वर उचलून धरून ओढतात म्हणजे वाजत नाही. गाडीत चढले की आधी उजवा हात स्टिअरिंगला लावून कपाळाला नेतात, मगच चावी."

यात उपमा नाही, रूपक नाही, काही नाही. याला हात लावू नकोस असं मी त्याला दोनदा बजावलं, तरी त्याने कडीच्या वाक्यात "हळुवारपणे" घातलंच होतं, ते काढायला लावलं. कडी उचलून धरली म्हणजे हळुवारच झालं ना, परत सांगायचं कशाला.

क्रम पण ठरवला. सुरुवातीला आळशी, म्हणजे लोक जागे होतात. मग हँडब्रेक, मग वळणं. मग पहाटेचे चार, तिथे आवाज खाली. शेवट नवा केला, मामीच्या मंजुरीने. नानांची गाडी कितीतरी वर्षं मुक्कामी असायची, रात्री परगावच्या स्टँडवर गाडीतच झोपायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत. तर शेवटचं वाक्य: "नाना, आजपासून गाडी घरी मुक्कामी." एकाच वाक्यात निरोप पण आला आणि स्वागत पण, आणि अभद्र काही नाही.

कार्यक्रमाला मला जाता आलं नाही. व्हिडिओ बघितला, आळशीला हशा आला, चार वाजताच्या वेळेला कुणी खुर्ची सुद्धा सरकवली नाही. नानांनी नंतर घरी येऊन एवढंच विचारलं म्हणे, की बटणाचं घर चुकतं हे तुला कुणी सांगितलं.

आणि एवढं लिहून होतंय तोवर मामीचा फोन आलाय. मामेभावाने आवाजाचा तो भाग तिला वाचून दाखवलेला दिसतोय. फोन टेबलावर ठेवलाय, स्पीकर लावलेला नाही, शेजारच्या काकू खिडकीतून विचारतायत कोण आलंय म्हणून.